खडखडे साहेबांचा पट्टा

मी एक पट्टा. कमरेचा, रुंद, कातडी, पितळी बकलाचा. बोलायची मला सवय नाही, तेव्हा सांभाळून घ्या. एरवी माझं काम ओढून धरणं. पण सध्या मी एका टेबलाच्या खणात गुंडाळी करून पडलोय आणि मला दुसरा उद्योग नाही. मनात बरंच साठलंय, ते सांगून टाकतो.

माझा जन्म तुरुंगात झाला. काही गुन्हा केला म्हणून नाही. तुरुंगाच्या आवारात कातडी सामानाचा कारखाना आहे, तिथे. ज्या कैद्याने मला शिवलं, तो कामात वाघ होता. टाका तिरका गेला की स्वतःलाच शिवी हासडायचा आणि उसवून पुन्हा घालायचा. बकल बसवून झाल्यावर त्याने मला पुढे धरलं आणि म्हणाला, "जा बाबा, तू तरी बाहेर जा." मी गेलो ते पलीकडच्या इमारतीतल्या गोदामात. तिथून निघालो ते एका नव्या तुरुंगाधिकाऱ्याच्या कमरेला बसून पुन्हा आतच आलो.

साहेब तेव्हा तरुण होते. पहिल्या दिवशी घरी आरशासमोर उभे राहिले, अंगठ्याने माझं बकल पुसलं आणि बायकोला विचारलं, "कसा दिसतो?"

"शाळेच्या बँडमधले असतात ना, तसे," बाईसाहेब म्हणाल्या.

साहेब खळखळून हसले. हसताना पोट कसं हलतं ते मला त्या दिवशी समजलं. पुढे पुढे ते आठवून पाहावं लागेल अशी वेळ आली.

आता कामाचं सांगतो. माझ्या डाव्या बाजूला एक साखळी अडकवलेली, साखळीला किल्ल्यांचा जुडगा. संध्याकाळी बराकी बंद करायच्या, सकाळी उघडायच्या, मध्ये शंभर वेळा कुणाला आत घ्यायचं, कुणाला बाहेर काढायचं. कुलूप लावण्याची तिथे एक पद्धत आहे. लावलं की ते खाली ओढून पाहायचं. मग दारावर तळहात ठेवून ढकलून पाहायचं. मग मोठ्याने विचारायचं, "बंद?" शेजारी उभा असलेला जोडीदार स्वतःच्या डोळ्यांनी बघून म्हणतो, "बंद." एकाच्या डोळ्यांवर विसंबायचं नाही, असा नियम. मला तो आवडायचा. शहाण्या माणसाने केलेला वाटतो.

साहेब कुलूप इतक्या जोरात ओढायचे की खडखडाट पार स्वयंपाकघरापर्यंत जायचा. त्यावरून कैद्यांनी त्यांना 'खडखडे' असं नाव ठेवलं. मग शिपाई म्हणू लागले, मग कारकून, आणि शेवटी मोठे साहेबसुद्धा. नव्याने आलेल्यांना ते त्यांचं आडनावच वाटायचं. साहेबांनीही कधी दुरुस्ती केली नाही.

त्यांचा जोडीदार म्हणजे एक जाडजूड, गप्पिष्ट गृहस्थ. 'बंद' म्हणतानाही चार गोष्टी जास्तीच्या सांगायचा. "बंद, आणि काल सासूबाई आल्यात, आमचंही तोंड बंद." दोघांचं बरं चाललं होतं. तेवढ्यात एकजण निवृत्त झाला, एकाची बदली झाली, एकाची पाठ धरली, आणि त्यांच्या जागा भरायच्या राहून गेल्या. राहिलेल्यांनी डबल पाळी करायची ठरलं. तात्पुरती. तो शब्द मी तेव्हापासून ऐकतोय. मग एक दिवस जोडीदाराच्या छातीत कळ आली, तो दवाखान्यात गेला आणि परत कामावर आलाच नाही. त्याच्याही जागी कुणी आलं नाही.

नियम मात्र तसाच राहिला. कुलूप लावल्यावर विचारायचं आणि उत्तर यायला हवं. म्हणून साहेब विचारायचे, "बंद?" आणि थोडं थांबून, जरा वेगळ्या आवाजात स्वतःच म्हणायचे, "बंद." पहिल्यांदा कैदी हसले. नंतर त्यांनाही सवय झाली.

पट्ट्याला माणसाच्या मनातलं कळत नाही, पोटातलं मात्र सगळं कळतं. साहेबांचं पोट सकाळी फाटकातून आत शिरताना जे आवळलं जायचं, ते संध्याकाळी सैल पडायचं. पुढे ते संध्याकाळीही सैल पडेना. श्वास वरच्या वर घ्यायचे. डबा अर्धा परत जायचा. मी एक भोक आत सरकलो, मग आणखी एक. खिशात आम्लपित्ताच्या गोळ्यांची पट्टी आली आणि कायमची मुक्कामाला राहिली. तुरुंगात कुठे भांडण झालं, कुणी स्वतःला काही करून घेतलं, की धावत जाणारे हेच. उचलून नेणारे हेच. आणि हात धुऊन पुन्हा पहाऱ्यावर उभे राहणारेही हेच. कुणी विचारलं, "काय खडखडे, कसं काय?" की उत्तर ठरलेलं. "ठीक." हा शब्द त्यांच्या तोंडून निघताना आत गोळा यायचा. तो फक्त मला लागायचा.

घरीही मी त्यांच्यासोबत असायचो, कारण गणवेश काढायचा त्यांना कंटाळा येऊ लागला होता. ते भिंतीला पाठ लावून जेवायला बसायचे, तोंड दाराकडे. घरात माणसं इनमीन तीन. तरी जेवताना त्यांची नजर एकेका चेहऱ्यावरून फिरायची आणि ओठ हलायचे. ते मोजत होते.

मुलगी कॉलेजातून आली की दारातच तिचं दप्तर घेऊन चाचपायचे, खालपासून वरपर्यंत. सुरुवातीला तिला गंमत वाटली. ती दोन्ही हात वर करून म्हणायची, "घ्या साहेब, झडती घ्या!" मग ती हात वर करेनाशी झाली. एकदा नुसती म्हणाली, "बाबा, दप्तरात वह्या आहेत." साहेबांनी दप्तर परत दिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा चाचपलं.

"अहो, काय होतंय तुम्हाला? बोला ना काहीतरी," बाईसाहेब म्हणायच्या.

"काय व्हायचंय? ठीक आहे सगळं."

"ठीक आहे तर माझ्याकडे बघून बोला."

साहेब बघायचे. पण ती नजर कामावरची होती, बायकोकडे बघायची नव्हे. बाईसाहेब मग भांडी आवरायला घ्यायच्या, गरजेपेक्षा जास्त आवाज करत.

खात्याच्या हे लक्षात आलं नव्हतं असं म्हणू नका. खात्याने तणावमुक्तीचं शिबिर ठेवलं. ते सगळ्यांच्या सुट्टीच्या दिवशी ठेवलं, हजेरी सक्तीची केली, आणि शिबिर लांबलं म्हणून बरेचजण तिथून थेट रात्रपाळीला गेले. एक गोरेगोमटे, हसतमुख तज्ज्ञ आले होते. ते म्हणाले, "आता सगळ्यांनी डोळे मिटा. पोट फुगेपर्यंत दीर्घ श्वास घ्या." सभागृहातल्या एकानेही डोळे मिटले नाहीत. तुरुंगात काम करणारा माणूस भरल्या खोलीत डोळे मिटत नाही. आणि पोट फुगवायचं म्हणजे आम्हा पट्ट्यांना सैल करायला हवं, तर गणवेशात पट्टा सैल करायला परवानगी नाही. सगळे तसेच ताठ बसून राहिले. तज्ज्ञ म्हणाले, "छान. फरक जाणवतोय ना?" मागून कुणीतरी "हो" म्हणालं आणि चहा आला.

साहेबांनी रजा मागितली नव्हती असंही नाही. मोठे साहेब माणूस म्हणून वाईट नाहीत. त्यांनी दर वेळी हळहळून नाही म्हटलं. "माझ्याकडे माणसं कुठेत, खडखडे? तुम्ही गेलात तर मी कुणाला उभं करू?" साहेब म्हणायचे, "बरोबर आहे, साहेब." आणि मी आणखी जरा रुतायचो.

आता त्या दिवसाचं सांगतो.

मुलीची रसायनशास्त्राची प्रात्यक्षिक परीक्षा होती. ती चुकली की वर्ष गेलं, असा तिच्या कॉलेजचा खाक्या. घरात आठवडाभर तेच चाललं होतं. तिच्या तोंडी सारखी आम्लं नि अल्कली, आणि बाईसाहेब तिच्यामागे दूध घेऊन. साहेबांनी कबूल केलं होतं की पाळी असली तरी निघताना तिला 'नीट कर' म्हणून जाईन. एवढंच कबूल केलं होतं. त्याहून जास्त कुणी मागितलंही नव्हतं.

आदल्या दिवशीची डबल पाळी करून ते आले, थोडे पडले, उठले आणि मला बांधलं. मुलगी आतल्या खोलीत घोकत होती, बाईसाहेब न्हाणीघरात. साहेब बाहेर आले. दार ओढलं. कडी घातली. घराचं कुलूप दाराशेजारी खिळ्याला टांगलेलं असायचं, सगळे गावाला जाताना लावायचं. ते काढलं, लावलं, खाली ओढलं. खडखडाट झाला. तळहाताने दार ढकलून पाहिलं.

"बंद?"

"बंद."

आणि किल्ली खिशात टाकून जिना उतरले. मला खटकलं. पण पट्ट्याने सांगायचं कुणाला आणि कसं? पोटावर जरा आवळून बघितलं. त्यांनी ढेकर दिला आणि स्कूटर सुरू केली.

तुरुंगाच्या फाटकात मोबाइल जमा करावा लागतो. आत नेत नाहीत. त्यामुळे, मी मागाहून घरी ऐकलं त्याप्रमाणे, बाईसाहेबांनी फोनवर फोन केले ते लोखंडी कपाटात वाजत राहिले. घर दुसऱ्या मजल्यावर. खिडक्यांना गज, तेही साहेबांनी स्वतः पसंत करून बसवलेले, जाडजूड. वरच्या मजल्यावरच्या शेजारीणबाई बत्ता घेऊन धावल्या. त्यांनी कुलपावर दणादण घाव घातले. बत्त्याला खोक पडली, कुलूप जसंच्या तसं. तेही साहेबांनीच निवडलेलं होतं, दुकानातली सगळी ओढून बघून.

शेवटी बाईसाहेबांना फाटकावरचा फोन लागला आणि तिथल्या हवालदाराने निरोप वॉकीटॉकीवरून जसाच्या तसा सोडला. "खडखडे साहेब, खडखडे साहेब. घरून वहिनी बोलल्या. तुम्ही बाहेरून कुलूप लावून गेलात. ताईंची परीक्षा आहे. येऊन उघडा म्हणतात."

हे सगळ्या तुरुंगाने ऐकलं. आमच्या बराकीत आधी हशा पिकला. "साहेबांनी घरच्यांनाच आत टाकलं!" कुणीतरी ओरडलं. मग साहेबांचा चेहरा दिसला असावा, कारण हशा आपोआप थांबला. एक म्हातारा कैदी गजापाशी आला. साहेबांच्या घरचं त्याला सगळं ठाऊक होतं. कैद्यांना सगळं ठाऊक असतं, त्यांना बघायला दुसरं असतं काय?

"जा साहेब," तो म्हणाला. "पोरीचं वर्ष जाईल. आम्ही कुठं पळून जातोय?"

साहेबांनी वॉकीटॉकीवर मोठ्या साहेबांना विचारलं. "बदली माणूस पाहिजे, साहेब. अर्ध्या तासासाठी."

"माणूस नाहीये, खडखडे. जरा थांबा, बघतो."

साहेब थांबले. त्यांचा हात माझ्यावर आला. आतमध्ये पोट असं काही पिळवटलं की मी इतकी वर्षं त्यांच्या कमरेला असून तसं कधी अनुभवलं नव्हतं. ते कुणावर चिडले नव्हते. ते घाबरले होते, स्वतःलाच. सकाळी आपण काय केलं ते आठवून बघत होते आणि त्यांना काहीच आठवत नव्हतं.

त्यांनी पुन्हा बटण दाबलं. "साहेब, तुम्ही इकडे या."

"काय?"

"तुम्ही या. किल्ल्या घ्या. मी जातोय."

मोठे साहेब आले ते लालबुंद होऊन. साहेबांनी साखळी माझ्यापासून सोडवली आणि जुडगा त्यांच्या हातात ठेवला. एकेक कुलूप दाखवलं, ओढून दाखवलं. कामात कसूर नाही केली.

"विनापरवानगी जाताय तुम्ही. चौकशी लागेल, माहितीये ना?"

"माहितीये, साहेब."

"आणि इथे मी एकटा?"

"हो साहेब. एकट्यानेच करतात इथे," साहेब म्हणाले आणि निघाले. ते टोमणा मारायला म्हणाले नव्हते. माहिती म्हणून सांगितलं.

घरी जिन्यात अर्धी वसाहत जमली होती. साहेबांनी कुलूप काढलं, दार उघडलं आणि मागे सरून भिंतीला पाठ लावून उभे राहिले. आत नाही गेले. कोठडी उघडल्यावर असंच उभं राहतात, एकेकाला बाहेर येऊ देतात. त्यांचे ओठ हलायला लागले. बाईसाहेब दारात आल्या. त्यांच्या तोंडावर बोलायचं बरंच तयार होतं. नवऱ्याचे हलणारे ओठ बघितले आणि त्यांनी ते सगळं गिळलं. नुसत्या म्हणाल्या, "अहो, आम्ही दोघीच आहोत."

मुलगी बूट घालूनच बसली होती. तिने त्यांचा हात धरून ओढलं. "बाबा, चला ना, सोडा मला."

कॉलेजात पोचलो तोवर प्रयोगशाळेचं दार लागलं होतं. प्राचार्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "उशिरा आलेल्यांना घेत नाही. कारण काय?"

"स्कूटर बंद पडली, मॅडम," मुलगी पटकन म्हणाली. ती वडिलांकडे बघत नव्हती.

गणवेशातला माणूस बाजूला उभा असल्यावर स्कूटरची गोष्ट खपलीही असती. मला ठाऊक होतं आता काय येणार. 'ठीक' येणार, तो ओळखीचा गोळा येणार. मी तयारीत होतो.

"नाही, मॅडम," साहेब म्हणाले. "ती माझ्यासाठी खोटं बोलतेय. मी यांना कोंडून कामावर गेलो."

प्राचार्यांनी चष्मा काढला.

"मुद्दाम नाही. मला कळलंच नाही. मी तुरुंगात नोकरीला आहे. तिथली सवय. मला बरेच दिवस काही कळत नाहीये, मॅडम. मी घरी जातो, पण पोचत नाही. हिचं दप्तर तपासतो. ही माझी मुलगी आहे आणि मी हिची झडती घेतो. मला बरं नाहीये. मला आता होत नाहीये." मग म्हणाले, "तिची काही चूक नाही."

त्यांचं पोट हादरायला लागलं. मला आधी वाटलं, खोकला आहे. खोकला नव्हता. मुलीने त्यांचा दंड घट्ट धरला आणि तीही रडायला लागली. ऐन परीक्षेच्या दिवशी असं रडणं बरं नव्हे, पण मी तरी काय बोलणार?

प्राचार्यांनी खुर्ची पुढे केली. शिपायाला पाणी आणायला सांगितलं. मुलीला म्हणाल्या, "दुपारी दुसरी तुकडी आहे, तीत बस. आधी तोंड धुऊन ये." आणि साहेबांना म्हणाल्या, "तुम्ही जरा सैल बसा हो. इथे कुणी पळून जात नाही."

साहेबांनी खाली पाहिलं आणि मला दोन भोकं सैल केलं. पूर्ण गणवेशात, परक्या बाईसमोर. मग त्यांनी श्वास घेतला तो खालपर्यंत पोचला. मी त्याला रीतसर जागा दिली.

मुलगी पास झाली, हे सांगून टाकतो, उगीच तुमचा जीव टांगणीला नको.

साहेबांची चौकशी झाली. विनापरवानगी पहारा सोडल्याबद्दल त्यांना दोषी ठरवलं आणि शिक्षा म्हणून सक्तीच्या रजेवर पाठवलं. जी रजा ते इतकी वर्षं मागत होते, ती त्यांना अशी शिक्षा म्हणून मिळाली. आदेश वाचून दाखवताना मोठ्या साहेबांनाही ते जरा विचित्र वाटलं असावं, कारण ते मध्येच थांबले. नियमाप्रमाणे पट्टा जमा करून घेतला. म्हणून मी इथे, मोठ्या साहेबांच्या टेबलाच्या खणात.

साहेब हल्ली एका डॉक्टरीणबाईंकडे जातात, असं कानावर आलंय. नुसतं बोलायला. झोप लागते म्हणे. परवा दार सताड उघडं टाकून फिरायला गेले, तर बाईसाहेबांना आता वेगळीच काळजी. ते कामावर परत येतील की नाही, मला माहीत नाही. मला त्यांची आठवण येते. खूप येते. पण ते पुन्हा तसे आवळले जाणार असतील, तर मी खणातच बरा. बकल काळवंडतं, तेवढं चालेल.

त्यांच्या जागी अजून कुणी आलेलं नाही. ती बराक हल्ली मोठे साहेबच बघतात, स्वतःचं काम सांभाळून. तात्पुरतं.

आज दुपारी त्यांनी खण उघडला. मला वाटलं, माझ्यासाठी. पण त्यांनी माझ्या मागे हात घालून आम्लपित्ताच्या गोळ्या काढल्या. एक खाल्ली. डबा तसाच बांधलेला होता, तो बाजूला सारला. मग उठून दार लावलं आणि फोन केला.

"खडखडे? हो, मीच. नाही नाही, चौकशीचं नाही. कसे आहात? बरं. अहो, ते... तुमच्या त्या डॉक्टरीणबाई आहेत ना, त्यांचा नंबर जरा द्या." पलीकडून काहीतरी विचारलं असावं. "नाही हो, मला काय झालंय? मी ठीक आहे. एका मित्रासाठी विचारतोय."

त्या मित्राचा पट्टा माझ्यापासून हातभर अंतरावर होता. शेवटच्या भोकापर्यंत आवळलेला. मला बघून त्याने नजर चुकवली. अजून त्याला वाटतंय, असं ताणून बसणं हीच आपली नोकरी.

बरं, येतो मी. खण उघडाच राहिलाय, तोवर मला त्याच्याशी बोलायचंय.